आखूड बंदुकीचा मोह

(अंबरनाथमधील बुवापाडा येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



बुवापाड्यात बंदुकीविषयी बोलायचे म्हणजे परक्या वस्तूविषयी बोलायचे नव्हे. उल्हासनगर हे शहरच मुळी लष्करी छावणीच्या कुशीत जन्माला आले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी उभारलेल्या बराकी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वाट्याला आल्या, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तेथला माणूस पत्ता सांगताना कॅम्पचा नंबरच सांगतो. अंबरनाथेत १९५०च्या दशकापासून ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. पितळ वितळवायचे, लाटायचे, त्यातून काडतुसाच्या आवरणाचा माल घडवायचा, हे काम येथल्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांनी केले. ज्या गावात एकेकाळी विमकोची आगपेटी तयार होत होती, त्याच गावात काडतुसाचे पितळही तयार होत होते. चूल पेटवण्याची वस्तू आणि माणूस मारण्याची वस्तू, दोन्हींच्या पाळीचे भोंगे एकाच आभाळाखाली वाजत. तेव्हा बंदूक हा विषय येथे सिनेमातला नाही, पगाराच्या पाकिटातला आहे.

परंतु जो शस्त्र बनवतो त्याला शस्त्राचा मोह क्वचितच पडतो. मोह पडतो तो विकत घेणाऱ्याला. त्या मोहाचा जगातला आजचा सर्वांत बोलका नमुना अमेरिकेत आहे, आणि म्हणून प्रथम त्याची ओळख करून घेणे भाग आहे.

अमेरिकेत अलीकडच्या काळात एक विचित्र हत्यार फार लोकप्रिय झाले. त्याची यंत्रणा लष्करी धाटणीच्या रायफलीची, काडतूस रायफलीचे, काडतुसांची पेटीही रायफलीचीच. फक्त नळी आखूड आणि खांद्याला टेकवायचा दस्ता गायब. कायद्याच्या दृष्टीने ते पिस्तूल. पाठीवरच्या साध्या पिशवीत मावते, मोटारीच्या आसनाखाली सरकवता येते, आणि हातात घेतले की धरणारा स्वतःला सैनिक समजू लागतो.

हे असे अर्धे-मुर्धे हत्यार जन्माला आले कसे, याचे उत्तर बंदुकीच्या शास्त्रात नसून कायद्याच्या इतिहासात आहे. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी हादरलेल्या अमेरिकेने १९३४ साली राष्ट्रीय शस्त्र कायदा केला. मूळ मसुद्यात पिस्तुलांवरही कर आणि नोंदणी होती. लोक रायफलीची नळी कापून तिचे पिस्तूल करतील आणि कायदा चुकवतील, म्हणून आखूड रायफलीही त्यात घातल्या गेल्या. पुढे विरोधामुळे पिस्तुले कायद्यातून वगळली गेली. आखूड रायफली मात्र आत राहिल्या. म्हणजे ज्या दरवाजाचे रक्षण करायचे तो काढून टाकला आणि शेजारच्या खिडकीचे गज तेवढे ठेवले! आजच्या नियमानुसार सोळा इंचांहून आखूड नळीची, खांद्यावरून झाडावयाची बंदूक ही नोंदणीस पात्र. तीच एका हाताने झाडावयाची म्हणून घडवली, की ती साधे पिस्तूल. दोनशे डॉलरचा कर १९३४ साली सामान्य माणसाला न पेलणारा होता. तो पुढे कधी वाढवला गेला नाही, महागाईने त्याची धार बोथट केली, आणि १ जानेवारी २०२६पासून आखूड रायफलींवरचा तो कर शून्यावर आला. नोंदणी तेवढी उरली.

या फटीत २०१२ साली एक पट्टा शिरला. त्याचा जन्म एका चांगल्या हेतूतून झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. अपंग झालेल्या एका माजी सैनिकाला असे जड पिस्तूल एका हाताने पेलता येईना, म्हणून अलेक्स बॉस्को या गृहस्थाने मनगटाच्या मागे हाताला बांधायचा एक आधार तयार केला. सरकारी खात्याने सांगितले की या आधाराने पिस्तुलाची रायफल होत नाही. झाले! अपंगांसाठी निघालेला आधार धडधाकट माणसांनी खांद्याला टेकवला आणि काही वर्षांत असे लक्षावधी आधार विकले गेले. किती, याचा अंदाज सरकारी खात्याने तीस लाख वर्तवला, तर अमेरिकी संसदेच्या संशोधन विभागाने एक कोटी ते चार कोटी. या दोन आकड्यांतली दरी पाहिली तरी सरकारला आपल्या नागरिकांच्या कपाटांची कितपत माहिती आहे ते समजते.

या हत्याराची दुसरी ओळख रक्तात लिहिली गेली. २०१९ साली डेटन शहरात नऊ माणसे, २०२१ साली बोल्डर येथील एका किराणा बाजारात दहा, २०२३ साली नॅशव्हिल येथील शाळेत तीन मुले आणि तीन प्रौढ मारले गेले. या तिन्ही ठिकाणी अशीच आखूड रायफलवजा पिस्तुले वापरली गेली होती. २०२३च्या जानेवारीत सरकारने असा आधार लावलेली बहुतेक पिस्तुले आखूड रायफली मानावयाचा नियम केला. २०२४च्या जूनमध्ये टेक्सासमधील संघीय न्यायाधीशाने तो रद्द ठरवला.

आता प्रश्न असा की या हत्यारात एवढे आकर्षण कशाचे? ज्यांच्याजवळ ते आहे त्यांचे म्हणणे थट्टेवारी नेण्याजोगे नाही. ते म्हणतात, घराच्या अरुंद बोळात लांब रायफल वळत नाही. साध्या पिस्तुलाने नेम धरणे कठीण, याने सोपे. मोटारीतून दूरच्या प्रवासाला जाताना जवळ असावे. पोलीस ठाण्यापासून पंचवीस मैलांवर राहणाऱ्या माणसाची भीती खरी असू शकते. तथापि शस्त्राचे भौतिकशास्त्र या युक्तिवादाला पुरते साथ देत नाही. ५.५६ मिलिमीटरचे काडतूस वीस इंच नळीच्या रायफलीसाठी सिद्ध झाले. नळी सात-आठ इंचांवर आणली की दारू नळीच्या आत पुरती जळतच नाही. ती बाहेर येऊन जळते. त्यामुळे तोंडाशी आगीचा लोळ, बंद खोलीत कान बधिर करणारा आवाज, आणि गोळीचा वेग मात्र बराच घटलेला. म्हणजे रायफलीची ताकद हवी म्हणून जी वस्तू घेतली तिने तीच ताकद गमावली. तरीही ती घेतली जाते, याचा अर्थ विक्री ताकदीची नसून रूपाची आहे.

हे रूप मुख्यतः तीन ठिकाणांहून येते: युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या छायाचित्रातून, चित्रपटातून आणि संगणकावरच्या खेळांतून. त्यात भर अशी की या हत्याराचे भाग सुटे मिळतात. नळी बदला, मूठ बदला, दुर्बीण बसवा, रंग बदला. लहान मुले ठोकळे जोडून घर बनवतात त्याप्रमाणे प्रौढ माणूस सुट्टीच्या दिवशी बंदूक जोडत बसतो. एकदा विकलेला माल संपतो, ही कारखानदारांची जुनी अडचण. बंदूक तर नातवापर्यंत टिकते. मग धंदा चालावा कसा? सुट्या भागांच्या आणि बदलत्या फॅशनच्या जोरावर तो चालतो. अमेरिकेत नागरिकांजवळ ३९ कोटींहून अधिक बंदुका असाव्यात असा अंदाज २०१७ सालासाठी केला गेला होता. माणसे त्याहून कमी आहेत. अशा तुडुंब भरलेल्या बाजारात नवी बंदूक खपवायची तर गरज नव्हे, हौस निर्माण करावी लागते. भांडवलशाहीने साबणाच्या बाबतीत जे केले तेच बंदुकीच्या बाबतीत केले. फरक एवढाच की साबणाने कोणी मरत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे सातासमुद्रापलीकडचे. येथे लष्करी बोअरचे शस्त्र सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही. ते खरे आहे. १९५९चा शस्त्र कायदा अशा शस्त्रांना निषिद्ध मानतो आणि २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ असू शकणाऱ्या परवानाधारी शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. परंतु कायदा वस्तूला अडवू शकतो, मोहाला नव्हे. त्याचा पुरावा मुंबईतच आहे.

१९९२च्या डिसेंबरात आणि १९९३च्या जानेवारीत मुंबई जळत होती. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दंगलींत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्याच जानेवारीत संजय दत्त या नटाने एके-५६ ही रायफल आपल्या घरी ठेवून घेतली. कुटुंबाच्या रक्षणासाठी ती घेतली, हा त्याचा बचाव होता. ज्याचा पिता खासदार आणि ज्याच्या घरी परवान्याची शस्त्रे आधीच होती, त्याला हे लष्करी हत्यार हवेसे वाटले. दहशतवादाच्या आरोपातून तो सुटला. शस्त्र कायद्याखाली मात्र २००७ साली विशेष न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा दिली, ती २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांवर आणली आणि २०१६च्या फेब्रुवारीत तो तुरुंगातून बाहेर आला. त्याच्या सुटकेच्या, रजेच्या, पश्चात्तापाच्या बातम्यांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पण एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. त्या दंगलीत जे नऊशे मेले ते प्रामुख्याने वस्त्यांतले, चाळींतले, बेकरीत आणि लाकडाच्या वखारीत काम करणारे होते. भीती त्यांच्या दाराशी उभी होती. बंदूक पोहोचली ती मात्र जेथे भिंती उंच होत्या तेथे. भीतीचे वाटप आणि हत्याराचे वाटप कधीच एका प्रमाणात होत नाही.

वस्तुतः हिंदुस्थानात शस्त्र हे प्रथमपासून दर्जाचे चिन्ह राहिले आहे, आणि ते तसे करण्याचे श्रेय इंग्रजांना द्यावे लागेल. लॉर्ड लिटनच्या १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनाला त्यातून सूट दिली. ज्याच्याजवळ बंदूक तो राज्यकर्त्यांच्या मर्जीतला, हे समीकरण तेव्हा रुजले. संस्थानिक, जमीनदार, इनामदार यांच्या भिंतींवर बंदुका टांगल्या गेल्या त्या वाघासाठी कमी आणि कुळांसाठी अधिक. राष्ट्रीय चळवळीने या कायद्याला अपमान मानले ते योग्यच होते. १९३१च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. १९४८च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो घटनेत यावा अशी सूचना मांडली. हे कामत पुढे प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार झाले. तेव्हा ही मागणी आपल्याच घरातली होती, हे समाजवाद्यांनी विसरू नये. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. व्यक्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा, देश संकटात असता शस्त्र हाती घेण्याचे नागरिकाचे कर्तव्य त्यांना महत्त्वाचे वाटले. ज्या समाजात शस्त्र, जमीन आणि जात एकाच हातात एकवटलेली, तेथे शस्त्राचा सरसकट हक्क कोणाच्या पदरात पडेल, हे त्यांच्याइतके कोण जाणत होते? गेल्या पाऊण शतकाचा अनुभव पाहता या वादात कामतांच्या बाजूला भावना होती आणि आंबेडकरांच्या बाजूला समाजाचे ज्ञान, असेच म्हणावे लागते.

याच जिल्ह्यात, मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोटवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले आणि सरकारला बेजार केले. त्या तरुणांच्या धाडसाशी आजच्या हौशी शस्त्रधाऱ्याचे नाते जोडण्याचा प्रयत्न अधूनमधून होतो, म्हणून हा उल्लेख. कोटवालांनी दुष्काळात गरिबांसाठी धान्याची कोठारे चालवली होती. लोक त्यांच्या मागे होते ते त्यासाठी.

आता सरकारी विक्रेत्याकडे वळू. २०१२च्या दिल्लीतील त्या भयानक अत्याचारानंतर, २०१४च्या जानेवारीत, कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन अर्धा किलो, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये, आणि ते दागिन्यांच्या डबीसारख्या तांबड्या पेटीत घालून मिळत असे. डबीची ही कल्पना ज्याला सुचली त्याने नकळत सारे सांगून टाकले: वस्तू दागिन्याची आहे आणि गिऱ्हाईकही दागिन्याचेच. शेवटच्या लोकलने उतरून अंधाऱ्या रस्त्याने घरी येणाऱ्या कामगार स्त्रीला सव्वा लाखाचे रिव्हॉल्व्हर नको आहे. तिला रस्त्यावर दिवा हवा आहे, आणि तक्रार लिहून घेणारा पोलीस. दिव्याचा खर्च सरकारने करायचा असतो. रिव्हॉल्व्हरचा खर्च तिने. यातले कोणते सरकारला सोयीचे, हे सांगायला नको. २०२३च्या ऑगस्टमध्ये ‘प्रबळ’ हे आणखी एक रिव्हॉल्व्हर आले. पन्नास मीटर पल्ल्याचे, आणि पर्समध्ये ठेवण्याजोगे म्हणून तेही महिलांच्या नावाने पुढे करण्यात आले.

या विक्रीच्या उत्साहामागे एक आर्थिक कारण आहे, आणि अंबरनाथला ते चांगले ठाऊक आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी नागपूरच्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली आणि शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आवडीच्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. एकाच गावातले दोन कारखाने, दोन मालक! कामगार संघटनांनी संपाची हाक दिली, तेव्हा ३० जून २०२१ रोजी वटहुकूम काढून संरक्षण उत्पादनातला संपच बेकायदा ठरवण्यात आला. खात्याचा कारखाना सैन्याच्या गरजेपुरते बनवतो. कंपनीला नफा दाखवावा लागतो, आणि सैन्याची मागणी घटली की तिची नजर साहजिकच खासगी गिऱ्हाइकाकडे वळते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार ठार झाले. हौशी माणसाच्या हाती पोहोचण्यापूर्वीच दारूगोळा कोणाचा बळी घेतो, हे त्या दिवशी दिसले.

याउलट एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. आखूड, हलके, रायफलीसारखे दिसणारे पिस्तूल हिंदुस्थानातही तयार झाले आहे. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी पुण्याच्या आयुध संशोधन संस्थेच्या साहाय्याने घडवलेले ‘अस्मि’ हे नऊ मिलिमीटरचे यांत्रिक पिस्तूल २०२१च्या जानेवारीत जाहीर झाले आणि २०२४ साली सैन्याच्या उत्तर विभागासाठी ५५० नगांची मागणी नोंदली गेली. चिंचोळ्या जागेत लढणाऱ्या जवानाला आखूड शस्त्र लागते, हे उघड आहे. त्याचा उत्पादन खर्च नगामागे पन्नास हजारांच्या आत राहील असे जाहीर करताना सांगितले गेले होते. जवानाचे यांत्रिक पिस्तूल पन्नास हजारांत, आणि नागरिकाचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर सव्वा लाखाला. मधल्या फरकात भीतीची किंमत आहे.

आणि ती किंमत मोजून विकत घेतलेले शस्त्र काय करते? २ फेब्रुवारी २०२४च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, शिवसेनेच्या शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. भारतीय जनता पक्षाचे कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांना त्याबद्दल अटक झाली; गोळी आपण झाडल्याचे त्यांनी दूरचित्रवाणी वाहिनीला दूरध्वनीवर स्वतः सांगितले. दोघेही सत्तेतल्या युतीचे. वाद द्वारली गावच्या जमिनीचा. शस्त्र परवान्याचे. दोषादोष न्यायालय ठरवील. पण पोलीस ठाण्याइतकी सुरक्षित जागा नाही असे ज्या सरकारने जनतेला सांगायचे, त्याच सरकारच्या बाकावरचा आमदार त्या ठाण्यात शस्त्र घेऊन बसलेला होता, ही गोष्ट निकालाची वाट पाहत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या पत्नी त्याच मतदारसंघातून त्याच पक्षाच्या उमेदवारीवर निवडून आल्या.

सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, दहिसरला अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. मारेकऱ्याने नंतर स्वतःलाही गोळी घातली. हे शस्त्रही परवान्याचेच, पण परवाना त्याच्या अंगरक्षकाचा. येथे परवान्याचा एक गुप्त रस्ता उघडा पडतो. ज्याला स्वतःला परवाना मिळत नाही तो परवानाधारी माणूस पगारावर ठेवतो. कोणत्यातरी दूरच्या जिल्ह्यातला बेकार तरुण बंदुकीसह भाड्याने मिळतो. केंद्रीय गृहखात्याच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते, त्यांपैकी १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. तेथल्या बेकारीने ही बंदूक मुंबईच्या उपनगरांत आणून सोडली आहे. हिला आखूड करण्याची गरज नाही. ती दुसऱ्याच्या खांद्यावरून आपल्या मागे चालते.

ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाने देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात पोलीस ठाण्यांनुसार किती परवाने आहेत, त्यांतले किती लोकप्रतिनिधींच्या, जमीन-बांधकामाच्या व्यवसायातल्या माणसांच्या आणि त्यांच्या अंगरक्षकांच्या नावे आहेत, किती परराज्यांतून येथे नोंदवले गेले, आणि अर्जात शस्त्राची गरज म्हणून कोणते कारण लिहिले गेले, एवढे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. नावे मिळाली नाहीत तरी आकडे मिळतील. अर्ज दहा रुपयांचा आहे. प्रत्येक ठाण्याच्या हद्दीतून एक, असे अर्ज या महिनाअखेर दाखल व्हावेत आणि आलेली उत्तरे एकत्र करून याच वस्तीत, याच कामगारांसमोर वाचली जावीत.